निळ्या काठाचा ढालकिडा

माझ्या मोठ्या मावशीच्या यजमानांनी आयुष्यात कुणाला सरळ उत्तर दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही, आणि त्यांच्याशी बोलून आधीपेक्षा जास्त गोंधळला नाही असा माणूस पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत शोधूनही सापडायचा नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मी त्यांच्याकडे इंग्रजी लिहून द्यायला गेले होते. परत आले तेव्हा डोकं कशाला म्हणायचं आणि पायाला पेरं किती असतात, एवढ्या साध्या गोष्टींचीसुद्धा मला खात्री उरली नव्हती. अजूनही कुणी एखादी गोष्ट ठामपणे सांगितली की मला त्यांची आठवण येते आणि माझी नजर आपोआप त्या माणसाच्या पायांकडे जाते.

आमच्याकडे मावशीच्या नवऱ्याला मावसाजी म्हणतात. हे मावसाजी मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. वर्गात हिंदी बोलायचे, घरी वऱ्हाडी, आणि पुस्तकं वाचायचे इंग्रजी; त्यामुळे त्यांच्या एकेका वाक्यात तिन्ही भाषा आपापली पिशवी घेऊन बसलेल्या असायच्या. निवृत्त झाल्यावर ते सौंसरला, घरच्या संत्र्याच्या बगीच्याजवळ राहायला आले. बगीचा त्यांचे धाकटे भाऊ पाहतात. त्यांना आम्ही काकाजी म्हणतो. काकाजींना वाटलं होतं, दादा घरी आले, आता पाण्याला, फवारणीला एक माणूस वाढला. प्रत्यक्षात फायदा झाला तो संत्र्याच्या कोवळ्या पालवीवर बसून रस शोषणाऱ्या माव्याचा. कारण मावसाजींचं म्हणणं, मावा मारला तर ढालकिडे खातील काय? फवारणीच्या दिवशी ते पंपासमोर जाऊन उभे राहू लागले. शेवटी काकाजींनी हात जोडून ठरवून टाकलं की औषध मारायचं असो की खोडांना काही लावायचं असो, त्या दिवशी दादांनी बगीच्यात पाय ठेवायचा नाही. मावसाजींनी ते मान्य केलं आणि त्या दिवसांत ते व्हरांड्यात पाठ फिरवून बसत.

ढालकिडा म्हणजे आपण शाळेच्या पुस्तकात पाहतो तो लाल-पिवळा, गोल, ठिपक्यांचा किडा. माझ्या शाळेत त्याला लेडीबर्ड म्हणायचे. त्यावरून मावसाजी त्याला नेहमी 'ती' म्हणत, मग तो नर का असेना. तर अशी एक 'ती' मावसाजींना स्वतःच्याच बगीच्यात सापडली होती, जिच्या पाठीच्या मागच्या टोकाला, दोन्ही पंखांच्या कडेवर, बारीक निळा काठ होता. साडीला असतो तसा. असा काठ कुठल्याच पुस्तकात नव्हता. इथे एक गोष्ट सांगायला हवी. किड्याच्या शास्त्रीय नावापुढे, ज्याने त्याचं वर्णन पहिल्यांदा छापलं त्याचं आडनाव लावतात. मावसाजींनी सबंध नोकरी दुसऱ्यांची आडनावं फळ्यावर लिहिण्यात घालवली होती. आता त्यांना एकच किडा हवा होता, ज्याच्या नावापुढे त्यांचं आडनाव येईल. बाकी काही नको होतं. पेन्शन वेळेवर आली नाही तरी ते बँकेत जात नसत, पण या काठवालीचा निबंध इंग्रजीत लिहून तज्ज्ञांकडे गेला पाहिजे, म्हणून त्यांनी माझ्या आईला स्वतः फोन केला.

मी इंग्लिश मीडियमची. आमच्या नातेवाइकांत याचा अर्थ असा की औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, वीज कंपनीचा मेसेज आणि किड्यांचं लॅटिन, हे सगळं मला आलंच पाहिजे. परीक्षांचा अभ्यास करत मी घरीच होते. आईला वाटलं, तिकडे गेली तर चार शब्द बोलायला तरी शिकेल. मी फार बोलत नाही. बोलायच्या आधी वाक्य मनात पूर्ण करून पाहायची मला सवय आहे, आणि तोवर विषय बदललेला असतो. मावसाजींना मात्र मी पहिल्या दिवसापासून आवडले, कारण मी मध्ये बोलत नव्हते.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे लोणच्याची धुतलेली बरणी ठेवली. आत एक ढालकिडा फिरत होता. "डोकं कोणतं, सांग," ते म्हणाले. मी पुढचा काळा-पांढरा भाग दाखवला. त्यावर दोन पांढरे डोळेही स्पष्ट दिसत होते. मावसाजी खूश झाले. "सारे हेच दाखवतात. ते डोकं नाही, बेटा. ती छातीवरची पाटी आहे, अन् ते डोळे नाहीत, नुसते डाग आहेत. डोकं ती त्या पाटीखाली लपवून ठेवते." मी लॅपटॉपवर 'डोकं : लपलेलं' असं लिहून घेतलं. मग पायाकडे वळलो. भिंगातून मी नीट पाहिलं आणि पावलाला तीन पेरं आहेत असं सांगितलं. "चार," मावसाजी म्हणाले. "तिसरं पेर दुसऱ्याच्या खोबणीत दडून बसलं आहे. बारीक आहे, दिसत नाही. या साऱ्या कुलाची तीच खूण." मी विचारलं की मग लिहू काय, तीन की चार? "लिही, तीन दिसतात, आहेत चार."

ही काठवाली ज्या किड्याची बहीण होती, त्याचं नाव पुस्तकात सहा ठिपक्यांचा ढालकिडा असं आहे. आपल्याकडे कपाशीत, संत्र्यात, तुरीत सगळीकडे तोच असतो. मी सगळ्या बरण्यांत पाहिलं तर एकालाही सहा ठिपके नव्हते. एकाच्या पाठीवर नागमोडी काळ्या रेषा होत्या, एक नुसताच नारिंगी होता, आणि एक जवळजवळ सगळा काळा. हे सगळे एकच आहेत, असं मावसाजी म्हणाले. मग सहा ठिपके कुठे गेले, असं मी धीर करून विचारलं. "ज्यानं नाव ठेवलं त्याच्यापुढं सहा ठिपक्यांची आली होती," ते म्हणाले, आणि यात न कळण्यासारखं काय आहे अशा नजरेने माझ्याकडे पाहू लागले. त्या रात्री जेवताना वरणाच्या वाटीकडे पाहूनही मला शंका आली.

मावशीची परसबागेत वांगी होती. एका सकाळी पाहिलं तर पानांची जाळी झालेली, आणि त्यावर ठिपक्यांचे ढालकिडे. मावशीने थेट व्हरांड्यात येऊन विचारलं, "हे तुमचेच ना? माझे वांगे कोन खाऊन राहिलं?" मावसाजींनी भिंगातून पाहून निर्वाळा दिला की हे त्याच कुलातले, पण वेगळे. यांच्या पाठीवर बारीक लव असते, पाठ चमकत नाही, आणि जबड्याला जास्त दात असतात. हे शाकाहारी आहेत. जे मांसाहारी आहेत तेच शेतकऱ्याचे मित्र. आमच्या घरात अंडंही येत नाही. "म्हंजे त्या अख्ख्या खानदानात जो साधा जेवते तोच नालायक निंघाला," मावशी म्हणाली आणि आत गेली. मावसाजींनी मला ते वाक्य लिहून घ्यायला सांगितलं नाही, पण त्यांना ते पटलं होतं असं मला वाटलं.

किड्यांची ओळख पटवायची एक पद्धत असते. प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय: पाठीवर लव आहे का? असेल तर इकडे जा, नसेल तर तिकडे. असं करत करत आपण एका नावापाशी पोहोचतो. मावसाजींचं डोकं याच पद्धतीने चाले आणि सगळ्याच बाबतीत चाले. सौंसरच्या बसस्टँडवर एकदा एका बाहेरगावच्या माणसाने त्यांना छिंदवाड्याची बस कुठे लागते ते विचारलं. मावसाजींनी त्याला विचारलं, "बस खड़ी है या इंजन चालू है?" तो म्हणाला, एक खड़ी है, एक चालू है. "चालूवाली लीजिए. अब, पाटी सामने है या बगल में?" तो बिचारा पुढे जाऊन पाटी पाहून आला. मग छतावर सामान आहे की नाही, हे पाहायला मागे गेला. तेवढ्यात ती बस निघून गेली. "वही थी," मावसाजी त्याला समाधानाने म्हणाले. लग्नात 'तो कोण' असं मावशीने विचारलं तरी नाव म्हणून सांगायचे नाहीत. चष्मा आहे का, असेल तर मिशी आहे का, असं सुरू करायचे, आणि मावशी ओळख पटेपर्यंत तो माणूस जेवून घरी गेलेला असायचा. बरं, ते माणसांच्या चेहऱ्याकडे पाहतच नसत. पायांकडे पाहत. तिसऱ्या पेराच्या शोधात आयुष्य गेल्यामुळे असेल. "चेहरा सारे दाखवून राहिले, बेटा," ते मला एकदा म्हणाले, "पाय कोणी दाखवत नाही." नंतर त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी ते खुर्चीखाली घेतले. त्यांनी मान डोलावली, जणू काही अपेक्षित तेच दिसलं.

त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांवर नेहमी पिवळे डाग असत. ढालकिडा घाबरला की गुडघ्यांतून पिवळा, कडू वासाचा रस सोडतो. त्यामुळे पाखरं त्याला थुंकून टाकतात. मावसाजींना या गुणाचं फार कौतुक होतं. भांडत नाही, चावत नाही, नुसता गुडघ्यातून निषेध करते, असं ते म्हणायचे. डाग धुता धुता मावशी म्हणाली होती की देवाने बायकांना ही सोय द्यायला हवी होती.

पण या सगळ्या विद्वत्तेत एक मोठी अडचण होती. मावसाजींच्या हातून किडा मरत नसे. कॉलेजात ते फळ्यावर आकृती काढून भागवायचे आणि चिरफाड विद्यार्थ्यांकडून करवून स्वतः खिडकीबाहेर पाहायचे, असं मावशी सांगते. आम्ही निबंधाचा पहिला मसुदा ईमेलने एका लांबच्या संस्थेतल्या तज्ज्ञ बाईंना पाठवला, तेव्हा त्यांचं फार सभ्य उत्तर आलं. निळा काठ मनोरंजक आहे, त्यांनी लिहिलं होतं, पण रंगावरून या कुलात काहीच ठरवता येत नाही. नराच्या जननांगाची आकृती आणि शक्य तर मेलेला नमुना पाठवावा. मी हे पत्र आधी मनात वाचलं आणि ते मोठ्याने कसं वाचायचं हे मला सुचेना. त्यातला एक शब्द मी मोबाइलवर शोधला, उत्तर पाहिलं, आणि मावशी चहा घेऊन आली म्हणून मोबाइल पालथा ठेवला. शेवटी मी मावसाजींना सांगितलं की पत्र तुम्हीच वाचा.

ते त्यांनी पांढुर्ण्याला जाताना बसमध्ये वाचलं. प्रिंट काढायला आणि मला चार दिवस माझ्या घरी सोडायला आम्ही चाललो होतो. मावसाजींचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायला घडवलेला. नेमकी एका थांब्यावर बस थांबली, इंजिन बंद झालं, आणि त्या शांततेत ते मला समजावत होते, "बाईचं म्हणणं बरोबर आहे. बाहेरून काहीच कळत नाही. नराचं लिंग काढून भिंगाखाली पाहावं लागते. प्रत्येकाचं वेगळं." कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. पुढच्या बाकावरची एक आजी सावकाश मागे वळली. "कोनाचं म्हनून राहिले, गुरुजी?" मावसाजी म्हणाले, ढालकिड्याचं. "मंग ठीक आहे," आजी म्हणाली आणि पुन्हा पुढे पाहू लागली. मी पांढुर्णा येईपर्यंत खिडकीतून कपाशी पाहत होते. इतकी कपाशी मी त्याआधी आणि नंतर कधी पाहिलेली नाही.

मी सौंसरला परत आल्यावर आम्ही बरण्यांतल्या काठवाल्यांपैकी एखादी मरण्याची वाट पाहू लागलो. मावसाजींनी ठरवलं होतं की मारायचं नाही; म्हातारपणाने जी जाईल ती शास्त्राला द्यायची. त्यांनी बरण्यांत कोवळ्या फांद्या ठेवल्या, त्यावर रोज ताजा मावा आणून घातला, आणि त्यामुळे त्या मरायच्या ऐवजी गुटगुटीत होत चालल्या. शिवाय या किड्याला मेल्याचं सोंग घ्यायची सवय असते. जरा धक्का लागला की पाय पोटाखाली आवळून उताणा पडतो. मावसाजींना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, तरीही प्रत्येक वेळी ते फसत. व्हरांड्यातून दबक्या आवाजात हाक यायची, "बेटा, गेली." मी लॅपटॉप घेऊन धावायची, मावशी गॅस बारीक करून यायची. मावसाजी तिला काचपट्टीवर ठेवायचे, एकदा हात जोडायचे, सुई उचलायचे, आणि मग एकेक पाय बाहेर येऊन ती काचपट्टीवरून चालायला लागायची. त्या वेळी मावसाजींच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायचा तो संशोधकाला शोभणारा नव्हता. "यमाले बी एवढ्या चकरा पडत नसतीन," मावशी म्हणायची आणि पोळ्यांकडे परत जायची.

मधल्या काळात निबंध वाढत होता. काठवालीच्या स्वभावावर एक परिच्छेद होता: ती क्वचितच उडते, पंख उघडायचा प्रयत्न करते आणि पुन्हा मिटते, चालणं पसंत करते. ती वर्षातून दोनदाच प्रकटते, मृगाच्या आधी आणि पावसाळा उलटल्यावर. मधे तिचा पत्ता नसतो. ती फक्त संत्र्याच्या खोडावर सापडते. सापडण्याच्या ठिकाणाचा जिल्हाही लिहावा लागतो. मावसाजींच्या हातच्या जुन्या कच्च्या मसुद्यात छिंदवाडा होता. पांढुर्णा जिल्हा झाल्यावर सौंसर तिकडे गेलं, म्हणून तो मी खोडला. "झाड हललं नाही, किडा हलला नाही, अन् वर्गीकरण बदललं," मावसाजी म्हणाले. "पाह्य. सारीकडं असंच चालू आहे."

आणि मग एक दिवस एक काठवाली खरोखर मेली. आम्ही संध्याकाळपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवला नाही. मावसाजींनी चिरफाड करायला सुई घेतली, ठेवली, पुन्हा घेतली आणि शेवटी ठरवलं की तज्ज्ञ बाईंकडेच पाठवू, त्या हुशार आहेत. कानातल्याच्या डबीत कापूस घालून त्यांनी तिला निजवलं, निबंधाची प्रत सोबत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून पार्सल करायचं ठरलं. त्या दिवशी मला कळलं की मावशीने तिच्या भिशीतल्या सगळ्या बायकांना, आणि तिच्या दोन्ही वहिनींना फोन करून, सांगून ठेवलं होतं की यांच्या आडनावाचा किडा निघणार आहे. मला पाहिल्यावर ती म्हणाली, "त्याहिले सांगू नको. लगेच पायाची पेरं मोजायले बसतीन."

पार्सलच्याच सकाळी काकाजींनी खोडांना बोर्डो लावायला काढलं होतं. आमच्याकडच्या प्रत्येक संत्र्याच्या बगीच्यात ते वर्षातून दोनदा लावतात: मोरचूद आणि चुना कालवून केलेली आकाशी रंगाची दाट पेस्ट, खोडाला रोग लागू नये म्हणून. मावसाजी नियमाप्रमाणे व्हरांड्यात पाठ फिरवून बसले होते. पार्सलमध्ये घालायच्या चित्रासाठी मला खोडाच्या सालीचा नमुना हवा होता, म्हणून मी एकटीच गेले. माझी सवय खाली पाहत चालायची. एका खोडाच्या सालीतल्या फटीत ढालकिडे ओळीने बसले होते, साधे, नारिंगी, नागमोडी रेषांचे. डोकी आत आणि पाठीचं टोक तेवढं बाहेर. काकाजी पुढच्या झाडावरून आले, मला म्हणाले, "सरक बाई, कपड्यावर उडन," आणि त्यांनी खोडावरून ब्रश फिरवला. ब्रश पुढे गेला. फटीतून एकेक ढालकिडा बाहेर आला, आणि प्रत्येकाच्या पाठीच्या टोकाला बारीक निळा काठ होता.

मला आधी वाटलं की मी चुकीचं पाहिलं. तोवर मावसाजींकडे राहून मला सवयच झाली होती की जे दिसतं ते नसतं. मी एक किडा पानावर घेतला. पेस्ट वाळत गेली, काठ फिका आणि नेमका होत गेला, थेट बरणीतल्यासारखा. त्याने पंख उघडायचा प्रयत्न केला. उघडले नाहीत. तो चालू लागला. निबंधातलं एकेक वाक्य माझ्यासमोर पानावर चालत होतं, आणि ते मीच इंग्रजीत लिहिलेलं होतं. घराकडे येताना मी मनात वाक्य तयार करू लागले. सुरुवात कुठून करायची तेच ठरेना. सांगितलं नाही तर डबी आज जाईल, तज्ज्ञ बाई भिंगाखाली बोर्डो पाहतील, आणि कदाचित दुसऱ्या कुणाला हसत सांगतील. सांगितलं तर तो काठ मावसाजींसमोर मीच पुसणार. व्हरांड्याच्या पायरीशी पोहोचले तेव्हा माझं वाक्य अर्धंच झालं होतं. मी पान त्यांच्या हातात दिलं.

"मावसाजी," मी म्हणाले, "हिला मी थोड्या वेळापूर्वी पाहिलं तेव्हा काठ नव्हता."

त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. माझ्या चपलेवर आणि पंजावर आकाशी शिंतोडे होते. मग त्यांनी आतल्या दिशेने हाक मारून मावशीला अर्धं लिंबू मागितलं. बशीत थोडं पाणी घेऊन त्यात लिंबाचे दोन-तीन थेंब पिळले, बोट बुडवून जिभेला लावून पाहिलं, जास्त आंबट लागलं म्हणून आणखी पाणी घातलं. तिला झोंबायला नको होतं. मग कापसाची वात भिजवून त्यांनी त्या काठावरून हलक्या हाताने फिरवली. निळं वातीवर आलं. ढालकिड्याने पाठ हलवली, दोन्ही ढाली वर उचलल्या, खालून पातळ पंख बाहेर काढले आणि तो व्हरांड्याच्या दांड्यावरून उडून गेला.

"अरे," मावसाजी म्हणाले, "हिले तर उडता येते."

त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. म्हणजे तेव्हा तरी नव्हतं. ते खरोखर खूश झाले होते. मग त्यांनी डबी उघडली आणि मेलेलीवरूनही वात फिरवली. खाली साधा नारिंगी पंख होता. डबीचं झाकण त्यांनी लगेच लावलं नाही. "लॅपटॉप आण," ते मला म्हणाले. "ते 'क्वचित उडते' वालं वाक्य खोड." मी खोडलं. "वर्षातून दोनदा दिसते, ते खोड. काकाजी दोनदाच लावतात." मी खोडलं. काठाचा परिच्छेद गेला. खोडावरच सापडते, ते गेलं. मग नाव गेलं, आणि नावापुढचं आडनाव. ते मी पटकन खोडलं, त्यांना स्क्रीन दिसू नये अशी बसून. शेवटी त्यांनी विचारलं की आता उरलं काय? मी वाचून दाखवलं: पावलाला तीन पेरं दिसतात, आहेत चार. "बरोबर आहे ते," ते म्हणाले. "राहू दे."

मावशी लिंबाची दुसरी फोड हातात घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, तिने ज्यांना ज्यांना फोन केले होते त्या सगळ्यांचा हिशेब आज होईल. ती व्हरांड्यातून उतरली आणि तरातरा बगीच्यात गेली. तिचा आवाज घरापर्यंत ऐकू आला. "भाऊजी, तुम्ही ब्रश मारता तवा डोळे कोठी ठेवता? एवढे जीव बसून राह्यते खोडावर. धडधडीत बाया आहेत त्या." काकाजी पुरते गोंधळले होते. ते म्हणत होते की वहिनी, आजवर तुम्हीच म्हणत होत्या ना, एकदाचे जाऊ द्या ते किडे. "मी म्हनीन," मावशी म्हणाली. "तुम्ही काहून म्हनता?"

तज्ज्ञ बाईंना मी दोन ओळींचं पत्र लिहिलं की नमुन्याबाबत आमची चूक झाली, तसदीबद्दल क्षमस्व. त्यांचं उत्तर आलं की असं होतं. नातेवाइकांत मात्र बराच काळ विचारणा होत राहिली. मावसाजी लग्नकार्यात मला पुढे करून सांगायचे, "माझी प्रजाती हिनंच बुडवली," आणि ते इतक्या अभिमानाने सांगायचे की लोक माझं अभिनंदन करायचे. त्यांच्या खोलीत मात्र मी एकदा डोकावले तेव्हा ते कोऱ्या कागदावर पेनाने आपलं आडनाव गिरवत होते, आणि मला पाहून त्यांनी कागद उलटा केला. मी विचारलं नाही. मी न विचारणाऱ्यांपैकी आहे, आणि त्यांना तेच आवडायचं.

आता बोर्डोच्या दिवशी मावसाजींना बगीच्यात यायची परवानगी आहे, म्हणजे मावशीने ती काकाजींकडून मिळवली आहे. ते काकाजींच्या ब्रशापुढे एकेक खोड करत चालतात. हातात दाढीचा कोरडा ब्रश असतो. फटींतून, सालीखालून ते ढालकिडे हळूच बाहेर सारतात आणि मगच काकाजींना पुढे यायला सांगतात. त्यामुळे एका दिवसाचं काम बरंच लांबतं, काकाजी चिडचिड करतात, आणि त्या दिवशी मावसाजींची दाढी वाढलेली असते. मी नागपूरला नोकरीला लागले. मागच्या खेपेला मुद्दाम त्या दिवशी गेले. मावसाजींचे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून खोडाचा खालचा भाग मावशी करते. लुगड्याचा पदर खोचून, जमिनीवर बसून, दुसऱ्या ब्रशाने. दर फटीपाशी ती काहीतरी पुटपुटते. शिव्याच असाव्यात, पण ब्रश फार हळू फिरतो.

एका जुन्या झाडाच्या फटीत एक ढालकिडा होता. काळा, आणि पाठीवर दोन्ही ढालींवर मिळून एकच पिवळट चंद्रकोर. तसा मी पाहिला नव्हता. मावसाजी थांबले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खोडाला जवळजवळ नाक टेकवलं. मागे काकाजी ब्रश वर धरून उभे राहिले. मावशीने खालून वर पाहिलं. मी फोटो काढायला मोबाइलकडे हात नेला आणि तसाच ठेवला. मावसाजींनी खूप वेळ पाहिलं, इतका वेळ की काकाजींच्या ब्रशावरून एक आकाशी थेंब गवतावर पडला. मग त्यांनी दाढीच्या ब्रशाचे केस तिच्या पोटाखाली अलगद सरकवले.

"सरक माय," ते म्हणाले. "तुझं नाव तुलेच माहीत."

ती खोडावरून वर फांदीकडे चालत गेली, आणि आम्ही पुढच्या झाडाकडे.